तीन अंकांची नाव

हरिदास सबनीसांना छंदांची जुनी मासिकं जमवायचा छंद होता. घरच्या घरी रेडिओ कसा जोडावा, दुर्बिणीची काच कशी घासावी, खुर्चीचा वेत कसा विणावा, असल्या गोष्टी शिकवणारी पिवळ्या पानांची मासिकं. यांतलं तुम्ही स्वतः काय काय केलंत, असं पाहुण्यांनी विचारलं की त्यांची बायको हेमलता परस्पर उत्तर देऊन टाकी.

"यांनी ना, कपाट केलं. म्हणजे विकत आणलं. मासिकं ठेवायला."

हरिदासांना याचं वाईट वाटत नसे, कारण ते खरंच होतं. दिल्लीत कृषी भवनातल्या नोकरीत त्यांच्या हाताला फाइलच्या नाडीपलीकडे कसली गाठ मारायची वेळ आली नव्हती. घरातला फ्यूज हेमलता बांधायची, नळाचा वायसर हेमलता बदलायची, आणि ती संचार भवनातल्या ऑफिसातून उशिरा येणार असेल तर हरिदास गळक्या नळाखाली बादली ठेवून तिची वाट बघत बसायचे. वाट बघताना वाचायचे ते अर्थात नळदुरुस्तीवरचा लेख.

सगळ्या मासिकांत त्यांचा जीव होता तो 'द पेशंट हँड'वर. स्वातंत्र्यानंतर काही वर्षं ते कलकत्त्याहून निघत असे आणि मग कधीतरी गुपचूप बंद पडलं होतं. गुळगुळीत कागद, बारीक रेषांची चित्रं, आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी 'वाचकाने घाई करू नये' अशा अर्थाचं एक वाक्य. हरिदासांनी कधीच घाई केली नाही. त्यांची मुलगी कादंबरी लहान होती तेव्हा या मासिकाला 'पप्पांचं पेशंटचं पुस्तक' म्हणायची, आणि त्यावरून शेजारच्या एका बाईंनी हेमलताला जिन्यात थांबवून, भाईसाहेब कोणत्या हॉस्पिटलमध्ये दाखवतात, असं हळूच विचारलंही होतं.

मग सबनीस मंडळी आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून शहराच्या टोकाला नव्याने वसणाऱ्या द्वारकेत राहायला गेली. वेगवेगळ्या मंत्रालयांतल्या लोकांनी मिळून काढलेली सोसायटी होती. पत्त्यात द्वारका लिहायचं आणि बसच्या कंडक्टरला पप्पनकलां हे जुनं नाव सांगायचं, असे ते दिवस होते. चौफेर उभ्या राहिलेल्या कोऱ्या इमारती, मध्ये मोकळी माती, आणि नळाला पाणी नाही. पाणी टँकरने यायचं. टँकरचा भोंगा वाजला की उपसचिव दर्जाची माणसंसुद्धा चप्पल न घालता खाली धावायची. पण घराला दोन गॅलऱ्या होत्या, आणि मासिकांना पहिल्यांदाच स्वतःची खोली मिळाली होती. त्यामुळे हरिदास खूश होते.

रविवारी ते दोन बसेस बदलून दर्यागंजला जात. तिथे फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरे, आणि त्यात शंकर नावाचा एक विक्रेता त्यांच्यासाठी माल बाजूला काढून ठेवत असे. वर्षानुवर्षं हरिदास त्याला एकच गोष्ट मागत आले होते. 'पेशंट हँड'मध्ये एकदा तीन भागांची लेखमाला आली होती: दोन माणसांची कॅनव्हासची नाव. पहिला भाग आणि तिसरा भाग हरिदासांकडे होता. पहिल्यात लाकडाचे माप-आराखडे, तिसऱ्यात रंग देणं आणि पाण्यात सोडणं. मधल्या अंकात त्या लाकडाची नाव व्हायची, आणि तो अंक काही मिळत नव्हता.

थंडीतल्या एका रविवारी शंकर त्यांना बघून ओशाळला.

"साब, वो नाव वाला आया था। मैडम ले गईं।"

"कौन मैडम?"

शंकरने हनुवटीने पलीकडच्या चहाच्या टपरीकडे खूण केली. तिथे करड्या कोटातल्या, पांढऱ्या शुभ्र केसांच्या एक बाई स्टुलावर बसल्या होत्या, आणि त्यांच्या मांडीवर उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्या आकाराच्या गोष्टी ओळखण्यात हरिदासांचा जन्म गेला होता.

ते जाऊन हिंदीत आपली ओळख सांगू लागले. 'सबनीस' हा शब्द ऐकताच बाई मराठीत म्हणाल्या, "बसा की. मी माटुंग्याची. विजयालक्ष्मी अय्यर. हवामान खात्यातून रिटायर झाले, मुनिरकाला राहते. तुम्हीच का ते पहिला आणि तिसरा भागवाले? शंकर सांगत होता."

हरिदासांना एकदम हलकं वाटलं. अशी माणसं जगात असतात हे त्यांना ऐकूनच माहीत होतं. त्यांनी चहा मागवला आणि अतिशय नम्रपणे विचारलं, की मधला अंक मॅडम देऊ शकतील का. बदल्यात लाकडी खेळण्यांचा विशेषांक देतो.

"आहे माझ्याकडे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही तुमचे दोन द्या. बदल्यात पतंगांचा विशेषांक."

"तो आहे माझ्याकडे."

दोघांनी चहा प्यायला. हरिदासांनी मग जरा चाचरत झेरॉक्सचा विषय काढला. मॅडमनी कप खाली ठेवला.

"सबनीस, झेरॉक्सवाला अंक काचेवर पालथा घालून वरून तळहाताने दाबतो. तुम्ही दाबू द्याल?"

"नाही," हरिदास प्रामाणिकपणे म्हणाले. कल्पनेनेच त्यांच्या पाठीचा कणा दुखला.

"मग मला कशाला विचारता? आणि मला सांगा, तुम्हाला मधला भाग हवाय कशाला? नाव बांधणार आहात?"

इथे हरिदासांनी 'संच पुरा करायचाय' असं खरं सांगायला हवं होतं. पण बाईंच्या आवाजात हेमलताचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं आणि ते बोलून गेले, "हो. बांधणार आहे."

"मीसुद्धा," मॅडम म्हणाल्या.

शेवटी मॅडमनीच तोडगा काढला. जो नाव बांधेल त्याला तिन्ही अंक. हरिदासांनी लक्षात आणून दिलं की दुसऱ्याच्या अंकाशिवाय कोणालाच नाव बांधता येणार नाही. यावर मॅडमनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "मग एकत्र बांधू. कोणी जास्त बांधली ते मागाहून ठरवू. मुनिरकाला माझ्या खोलीत पलंगसुद्धा तिरका ठेवावा लागतो. तुमच्याकडे जागा आहे?"

"पार्किंग आहे," हरिदास म्हणाले. "गाडी नाहीये."

घरी ही बातमी हेमलताने भाजी निवडत ऐकून घेतली. तिला हसू आलं नाही, हे हरिदासांना जरा विचित्र वाटलं. तिने एवढंच विचारलं, "केवढी आहे?" कादंबरी मात्र कॉलेजचं पुस्तक बाजूला टाकून उठून बसली.

"पप्पा, बोट? इथे? यार, आपल्याकडे अंघोळीला पाणी नसतं."

"वल्ही पण आपणच करायची," हरिदास म्हणाले.

"वल्ही मतलब?"

देवदाराच्या पट्ट्या आणि प्लायवूड कीर्तिनगरच्या लाकूडबाजारातून आले, आणि पुढच्या रविवारी मॅडम आपला अभ्रा छातीशी धरून हजर झाल्या. काम संपलं की अंक परत अभ्र्यात आणि अभ्रा परत मुनिरकाला, ही त्यांची अट होती. हरिदासांनीही आपले अंक सुती पंच्यात गुंडाळून खाली आणले. पार्किंगमध्ये चटई अंथरली गेली. हरिदासांनी पहिल्या भागातला पहिला परिच्छेद मोठ्याने वाचला. मॅडमनी वाहवा म्हटलं. दुसरा परिच्छेदही वाचून झाला. तिसऱ्यात करवत हातात घ्यायला सांगितलं होतं.

हरिदासांनी करवत मॅडमपुढे केली. "तुम्ही पाहुण्या. सुरुवात तुम्ही करा."

"छे, लाकूड तुमचं आहे."

"वयाचा मान आहे."

"माझं वय काढू नका. कापा तुम्ही."

करवत दोघांमध्ये दोनदा फिरली. मग मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सबनीस, तुम्ही आजवर काय काय बनवलंत?"

"कपाट," हरिदास म्हणाले, आणि लगेच, "विकत आणलं."

"मी उदबत्तीचं घर केलं होतं. शाळेत. बाईंनी पूर्ण केलं."

दोघंही चटईवर बसून राहिले. दोघांना मिळून घरभर मासिकं वाचून पाठ होती, जगातला कुठलाही सांधा ते डोळे मिटून सांगू शकले असते, आणि लाकडाची पट्टी जशीच्या तशी पडून होती. हेमलता चहा घेऊन खाली आली तेव्हा हे दृश्य होतं. तिने ट्रे शेजाऱ्यांच्या स्कूटरच्या सीटवर ठेवला, पदर खोचला, करवत उचलली आणि पट्टीवर पाय देऊन म्हणाली, "कुठे कापायचंय ते सांगा."

तेव्हापासून रविवारची एक रीत पडली. हरिदास आणि मॅडम वाचत आणि हेमलता करत असे. वाचणाऱ्यांचं काम सोपं नव्हतं. एका वाक्यातला स्वल्पविराम 'आतल्या बाजूने' या शब्दांच्या आधी घ्यायचा की नंतर, यावर दोघांची अशी जुंपली की दोघंही इंग्रजीत गेले. हेमलता तोवर आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून पट्टी लावून बघून मोकळी झाली होती. आतून बरोबर बसत होती.

हरिदासांना तिच्याकडे बघायची नव्याने सवय लागली. ओठांत खिळे धरून ती काम करायची, त्यामुळे बोलत नसे, आणि इतकी वर्षं संसार करून ती एवढा वेळ गप्प राहू शकते हे त्यांना माहीत नव्हतं. सोमवारी सकाळी ती ऑफिसच्या बसमध्ये बसायची तेव्हा तिच्या केसांत लाकडाच्या भुशाचा एखादा कण असायचा. तो काढावा असं त्यांना वाटे, आणि राहू द्यावा असंही.

नावेच्या बरगड्या वाकवायची वेळ आली तेव्हा लाकूड नरम करायला मासिकाने वाफेची पेटी सांगितली. हेमलताने कुकरच्या शिट्टीच्या जागी रबरी नळी बसवली, नळीचं दुसरं टोक प्लास्टिकच्या जाड पाइपात सोडलं, पाइपात पट्ट्या सरकवल्या आणि फाटक्या टॉवेलांनी तोंडं बंद केली. स्टोव्हवर कुकर खदखदू लागला. पाइपातून वाफेचे लोट निघू लागले, आणि ते बघून सोसायटीचे सेक्रेटरी बत्रा धावत आले.

श्याम बत्रा अर्थ खात्यातले. त्यांचं म्हणणं, पार्किंगची जागा वाहनासाठी आहे; हे काय चाललंय? नाव आहे म्हटल्यावर ते अधिकच गंभीर झाले. नाव हे वाहन आहे काय, असा प्रश्न उभा राहिला. सरकारी लोकांच्या सोसायटीत असा प्रश्न उभा राहिला की तो खाली बसत नाही. पुढच्या बैठकीत टेरेसच्या गळतीचा विषय मागे पडून सगळी संध्याकाळ यावरच खर्च झाली. जहाज मंत्रालयातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी उभं राहून मत दिलं, की पाण्यात असेल तर ते जलयान, जमिनीवर असेल तर सामान, आणि अर्धवट असेल तर नुसतं लाकूड.

"लकड़ी है तो आग का खतरा है," बत्रा म्हणाले.

हेमलता मागच्या रांगेतून उठली. बैठकीत ती कधी बोलत नसे. "बत्राजी," ती तिच्या ठरावीक दिल्लीच्या हिंदीत म्हणाली, "आपकी गाड़ी जब से सोसाइटी बनी है, हिली नहीं। हमारी नाव दो महीने में चलने लगेगी। तो वाहन कौन सा हुआ?"

लोक हसले. बत्रांनाही हसावं लागलं. विषय पुढे ढकलण्यात आला, म्हणजेच नाव मंजूर झाली, आणि त्यानंतर बत्राच रोज संध्याकाळी फिरायला निघाले की नावेपाशी थांबून लाकडावर टकटक करून जाऊ लागले.

कॅनव्हास ताणून शिवायचं काम हेमलताने घरच्या मशीनवर सुरू केलं आणि सुया मोडल्या म्हणून हाताने पुरं केलं. त्या दिवशी मॅडमनी पहिल्यांदा अंक खाली ठेवून सुई हातात घेतली. टाके वाकडे पडले. हेमलताने ते उसवले नाहीत. हरिदासांना तिने ब्रश दिला. हिरवा रंग नावेला, चटईला आणि तिसऱ्या भागाच्या मुखपृष्ठाच्या कोपऱ्याला लागला. हरिदासांनी तो डाग बघितला, मॅडमनीही बघितला. मग हरिदास म्हणाले, "पुसलं तर पसरेल," आणि रंगवत राहिले. रात्री जेवताना त्यांना आठवलं की आपण दिवसभर त्या डागाचा विचारच केला नाही.

फाल्गुनात नाव पुरी झाली. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये जरा एका अंगाला कललेली, रंग थोडा पोपटी. सगळे भोवती उभे राहिले. मॅडम घसा खाकरून म्हणाल्या, "आता ठरवायला हवं. जास्त कोणी बांधली?"

हरिदास हिशेब मांडू लागले, की पहिला भाग त्यांनी वाचला, दुसरा मॅडमनी वाचला, तिसरा...

"अहो," हेमलता म्हणाली. तिने हात पुढे केला होता, तळवा वर.

हरिदासांना कळायला जरा वेळ लागला. मॅडमना आधी कळलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना स्कूटरवर टेकावं लागलं. मग त्यांनी अभ्र्यातून आपला अंक काढला, एकदा त्याची कड नीट केली आणि हेमलताच्या हातावर ठेवला. हरिदासांनीही आपले दोन ठेवले. इतक्या वर्षांनी लेखमाला एका जागी आली, आणि ती ना त्यांच्याकडे होती ना मॅडमकडे. हेमलताने तिन्ही अंक काखोटीला मारले आणि नावेच्या तळाचा रंग वाळला का ते बघायला वाकली. काखोटीला. हरिदासांना वाटलं होतं आपल्याला फार दुःख होईल. झालं ते एवढंच, की त्यांना फार भूक लागली.

नाव पाण्यात सोडायला हरियाणात सोहन्याच्या पुढे एक तलाव आहे तिथे जायचं ठरलं. यमुनेचं नाव कोणीच काढलं नाही. भाड्याच्या टेम्पोत नाव उताणी ठेवली, तिच्याभोवती सगळे बसले, आणि गुडगावातून जाताना काचेच्या नव्या इमारतींच्या सिग्नलवर लोक गाडीच्या काचा खाली करून बघत होते. एकाने विचारलं, विकायची आहे का. कादंबरीने सांगितलं, "अंकल, ये सामान नहीं है। जलयान है।"

तलावाकाठी बत्रांनी पाठवलेला नारळ फुटला. नाव दोघांपुरतीच होती. पहिल्या फेरीला हेमलता आणि मॅडम बसल्या. दोघीही जोरात वल्हवत होत्या, पण एकाच बाजूने, त्यामुळे नाव काठापासून थोड्या अंतरावर जाऊन गिरक्या घेत राहिली. कादंबरी काठावर पोट धरून बसली. हरिदासांना तिसऱ्या भागातला वळण्याचा परिच्छेद तोंडपाठ होता. त्यांनी तो ओरडून म्हणायला सुरुवात केली.

"पप्पा, त्यांना ऐकू नाही येत," कादंबरी म्हणाली. "तुम्हीच जा ना."

नाव परत आली तेव्हा मॅडम भिजलेल्या आणि अत्यंत आनंदी अशा उतरल्या. हरिदासांना पोहता येत नव्हतं. ते त्यांनी सांगितलं. हेमलता म्हणाली, "मलाही कुठे येतं," आणि नाव धरून उभी राहिली. तेव्हा ते बसले.

एवढं वाचूनही एक गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती. कॅनव्हासच्या नावेत गुडघे टेकले की पाणी खालून लागतं. कापडाच्या आडून ते थंड लागतं, जिवंत लागतं, हलतं, आणि ओलं मात्र करत नाही. नावेच्या पोटाला हात लावावा तर आतून कोणीतरी हळूच सरकल्यासारखं होतं. हरिदास तळवा टेकवून तसेच बसून राहिले. पुढे हेमलताची पाठ होती, आणि तिच्या ब्लाउजवर हिरव्या रंगाचा एक ठिपका.

"वल्हवताय ना?" तिने मागे न बघता विचारलं.

"हो हो."

"माझ्या उलट्या बाजूने."

त्यांनी वल्हं पाण्यात घातलं. नाव सरळ गेली. काठ मागे पडला, कादंबरीचा आवाज बारीक झाला, आणि एक पाणकोंबडा बाजूला होऊन त्यांना वाट देऊन गेला. तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. तिकिटाच्या खिडकीतला माणूस बाहेर येऊन हात हलवत होता. बाहेरची नाव इथे चालत नाही, परत या, असं तो ओरडत असावा. मॅडम त्याच्याकडे चालत निघालेल्या दिसल्या, बोट वर करून. जहाज मंत्रालयवाल्या गृहस्थांचा मुद्दा त्या आता त्याला समजावणार हे उघड होतं.

हरिदासांनी नोकरीत एकही नियम मोडला नव्हता.

"परत फिरायचं का?" हेमलताने विचारलं.

हरिदासांनी तलावाच्या पलीकडच्या टोकाकडे बघितलं. तिथे दगडांवर ऊन पडलं होतं.

"वळायला मला नीट जमत नाही अजून," ते म्हणाले, आणि दोघं तशीच पुढे गेली.